काळा, काळी, काळे आणि काळे सर : एक विशेषण नीट वापरण्यासाठी

'काळे सरांनी बक्षीस दिले' आणि 'काळ्या सरांनी बक्षीस दिले' ही वाक्ये कानाला जवळजवळ सारखी लागतात. पहिल्यात सरांचे आडनाव आहे, दुसऱ्यात सरांचा रंग. शाळेच्या फलकावर, लग्नपत्रिकेत किंवा गावच्या बातमीत हा एवढासा 'ळ्या' चुकीच्या जागी पडला तर एका भल्या माणसाला चारचौघांत खाली पाहावे लागते. म्हणून हा शब्द आधी समजून घ्यावा आणि मग लिहावा.

लिहिण्यापूर्वी एकच गोष्ट तपासायची : इथे 'काळा' काय काम करतो आहे? पुढच्या नामाला रंग देतो आहे, स्वतःच नाम होऊन बसला आहे, की कुणाचे आडनाव आहे? रूप या उत्तरावर ठरते.

विशेषण असेल तेव्हा

काळा बैल, काळे बैल. काळी म्हैस, काळ्या म्हशी. काळे वासरू, काळी वासरे. पुढच्या नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की लिंग-वचनाचा भेद संपतो आणि सगळीकडे 'काळ्या' होते, हेच सामान्यरूप : काळ्या बैलाला, काळ्या म्हशीचे, काळ्या वासरांपुढे.

नियम सोपा आहे, तरी खान्देशात दोन चुका वारंवार दिसतात. 'काळी साड्या आल्या' आणि 'काळी गाईला चारा टाक'. दोन्हींचे मूळ एकच, हिंदीची सवय. हिंदीत 'काली साड़ियाँ' आणि 'काली गाय को' असेच म्हणतात, तिथे स्त्रीलिंगी विशेषण हलत नाही. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर, सेंधव्याकडे रोजचा व्यवहार असलेल्या भागात ही रूपे मराठीत सहज शिरतात. मराठीत ते विशेषण हलतेच : काळ्या साड्या, काळ्या गाईला.

तिसरी अडचण नपुंसकलिंगी अनेकवचनाची. 'काळी वांगी' हे रूप दिसायला 'काळी माती'सारखेच आहे, पण एक आहे नपुंसकलिंगी अनेकवचन आणि दुसरे स्त्रीलिंगी एकवचन. शंका आली की एकच नग घेऊन बघा : काळे वांगे, म्हणून अनेक ती काळी वांगी. केळ्यांचेही तसेच. एक केळे काळे पडले, डझनभर केळी काळी पडली. (केळीची बाग म्हणताना 'केळ' हे झाड स्त्रीलिंगी असते. फळ आणि झाड यांची गल्लत करू नका.) सामान्यरूपात मात्र दोन्हींचा त्रास मिटतो : काळ्या वांग्यांची, काळ्या मातीची.

विशेषण कोणाला चिकटले आहे तेही पाहावे. 'गाय काळी आहे' बरोबर, 'गाईचा रंग काळा आहे' हेही बरोबर. 'गाईचा रंग काळी आहे' चूक, कारण इथे काळेपणा रंगाच्या पदरात आहे, गाईच्या नाही. दोन विशेषणे ओळीने आली तर ज्याला बदलता येते तेवढेच बदलते : काळी कसदार जमीन, काळ्या कसदार जमिनीत. 'कसदार' तसाच राहतो.

'काळे' लिहावे की 'काळं'? मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यात चार नियमांची भर घातली. त्या परंपरेत अर्ज, बातमी, पाठ्यपुस्तक अशा लेखनात 'काळे मांजर' लिहितात, आणि बोलणे जसेच्या तसे द्यायचे असेल तिथे 'काळं मांजर' चालते. दोन्ही रूपे जिवंत आहेत. एका परिच्छेदात दोन्ही मिसळली की मात्र वाचणाऱ्याला ठेच लागते.

आडनाव असेल तेव्हा

'काळे' हे आडनाव रूपाने आदरार्थी अनेकवचन आहे : काळे आले, काळे म्हणाले, काळेबाई आल्या. इथवर काही बिघडत नाही. प्रश्न येतो तो विभक्तीचा.

महामंडळाचा नियम स्पष्ट आहे : एकारान्त नामाचे सामान्यरूप याकारान्त करावे. करणे-करण्यासाठी, फडके-फडक्यांना, तसेच काळे-काळ्यांना, काळ्यांचा, काळ्यांकडे. 'काळ्यांचा वाडा', 'काळ्यांच्या मळ्यात' ही जुनी, कसदार मराठी आहे. हल्ली 'काळेंना', 'काळेंचा' असे बोलले आणि छापलेही जाते. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे : आडनाव अखंड दिसावे, आणि 'काळ्यांना' म्हटल्यावर रंगाचा वास येऊ नये. तरी नियमाप्रमाणे रूप 'काळ्यांना' हेच.

यातून सुटायची सुरक्षित वाट म्हणजे 'यांना'. काळे यांना, काळे यांनी, काळे यांच्याकडे. प्रत्यय 'यां'वर जातो आणि आडनावाला धक्का लागत नाही. अर्ज, ठराव, पत्रिका, श्रद्धांजलीचा फलक आणि बातमी यांत हेच लिहावे. गप्पांत आणि गोष्टीत 'काळ्यांना' खुशाल वापरावे. 'काळेना' असे अनुस्वाराशिवाय कधीही लिहू नये. त्यात आदराचे अनेकवचनच नाहीसे होते.

दुसरी वाट आपल्याकडे सगळे नकळत वापरतात : आडनावापुढे नाते किंवा पद जोडायचे. खान्देशात भाऊ, आप्पा, नाना, तात्या, अण्णा, आबा यांच्याशिवाय हाक पुरी होत नाही. काळे आप्पांना, काळे नानांकडे, काळे सरांनी, काळे मॅडमना, काळे डॉक्टरांचा दवाखाना. प्रत्यय शेवटच्या शब्दाने उचलला, म्हणून 'काळे' अखंड राहिला. 'काळे कुटुंबाने', 'काळे परिवारातर्फे' हेही याच चालीचे. इथे विशेषणाचा नियम लावून 'काळ्या आप्पांना', 'काळ्या कुटुंबाने' लिहिले की आडनावाचे परत विशेषण होते. छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्याने 'शुद्ध' करायच्या ओघात ही चूक केली तर सगळ्या प्रती वाया जातात. म्हणून पत्रिकेच्या मुद्रितावर आडनाव असलेल्या प्रत्येक ओळीखाली रेघ मारून ती ओळ एकदा मोठ्याने वाचावी.

आडनाव आणि रंग एकाच वाक्यात आले तर त्यांच्यामध्ये 'यांची' घालावे : 'काळे यांची काळी गाडी'. निषेधाच्या बातमीत काळे झेंडे असतील आणि पाहुण्यांचे आडनावही काळे असेल, तर मथळ्यात पूर्ण नाव किंवा पद द्यावे. 'काळे झेंडे' हे दोन शब्द सुटे पडले तर वाचणारा आडनाव शोधू लागतो.

मित्रामित्रांत 'काळेला फोन लाव' चालते, ती सलगी आहे. 'काळ्याला फोन लाव' म्हटले की ती सलगी उरत नाही. बैलाचे नाव काळ्या असू शकते आणि पोळ्याला त्याला त्याच नावाने ओवाळतात, पण माणसाला रंगावरून हाक मारू नये. रंग सांगणे भागच असेल तर 'सावळा' आणि 'गव्हाळ' हे शब्द आहेत, आणि तेही रंग खरोखर विचारला असेल तरच.

गोरे, पांढरे, ढवळे, तांबडे, हिरवे, कोरडे, बोबडे, मोठे ही आडनावे याच साच्यातली आहेत. गोरे बाईंना आणि गोऱ्या बाईंना यांतला फरक वरच्यासारखाच. 'कडू' वेगळे. ते विशेषण मुळातच बदलत नाही, म्हणून कडूंना, कडू यांना, कडू सरांना, आणि 'कडू कारल्याची भाजी'. तिथे घोटाळा रूपाचा होत नाही, अर्थाचाच होऊ शकतो.

रोमन लिपीतून परत मराठीत येताना 'काळे'चे हाल होतात. रोमनमध्ये 'ळ'ला स्वतंत्र अक्षर नाही, त्यामुळे के-ए-एल-ई ही चार अक्षरे यंत्र 'काले', 'कळे' किंवा 'केल' अशी काहीही वाचते. आधार, बँक पासबुक, शाळेचा दाखला यांत मराठी रकाना आपोआप भरला गेला असेल तर सही करण्याआधी 'ळ' डोळ्यांनी पाहून घ्यावा. एका कागदावर काले आणि दुसऱ्यावर काळे असले की पुढे वारसनोंदीच्या वेळी तीच व्यक्ती असल्याचे सिद्ध करत बसावे लागते.

काळी : जमीन, आणि अहिराणीतली 'कायी'

'काळी' हे नुसते विशेषण नाही. ते नामही आहे. जुन्या गावगाड्यात गावाची वस्ती म्हणजे पांढरी आणि कसायची जमीन म्हणजे काळी. नाम झाले की रूपही नामासारखे चालते, आणि 'काळ्या' होत नाही : काळीत पेरले, काळीला पाणी दिले, काळीवर जीव आहे. 'काळ्या मातीत' लिहिताना 'काळ्या' योग्य, कारण तिथे ते मातीचे विशेषण आहे. 'काळ्यात पेरले' असे म्हटले तर अर्थच लागत नाही. 'काळी आई'त ते परत विशेषण होते, म्हणून 'काळ्या आईची सेवा'.

तापीकाठची काळी खोल आहे. बेसॉल्ट खडक झिजून झालेली ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि पाणी धरून ठेवते, म्हणून कापसाला मानवते. बोलताना 'काळी' म्हटले की 'भारी जमीन' हा अर्थ आलाच. मुरमाड किंवा बरड जमिनीचा वरचा थर काळपट दिसला तरी शेतकरी तिला काळी म्हणत नाही. जमिनीच्या जाहिरातीत 'काळी जमीन' लिहायचे तर खोली आणि पाण्याची सोय हेही लिहावे, नुसता रंग लिहून घेणाऱ्याची फसगत करू नये.

अहिराणीत 'ळ' नाही, त्या जागी 'य' येतो : डोळा-डोया, केळी-केयी, जळगाव-जयगाव. तसेच काळा-काया, काळी-कायी. मना काया बैल (माझा काळा बैल), मनी कायी म्हैस (माझी काळी म्हैस), काया बैलले चारा टाक (काळ्या बैलाला चारा टाक). यावल-रावेर-भुसावळकडच्या लेवा बोलीतही 'ळ'चा 'य' होतो. अहिराणी संवाद लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. प्रमाण मराठीत 'काया' म्हणजे देह, म्हणून बाहेरचा वाचक अडखळू शकतो. 'काया' एकटा न ठेवता त्याच्याशेजारी लगेच नाम ठेवा, अर्थ आपोआप लागतो. आणि एकदा 'काया' लिहिले की त्याच पात्राच्या तोंडी पुढे 'काळा' येऊ देऊ नका. आडनाव मात्र कागदावर 'काळे'च ठेवा, उच्चार कसाही असो.

स्वयंपाकघरातला काळा

खान्देशात हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो शेवभाजीच्या ताटाजवळ. काळा मसाला, काळ्या मसाल्याची भाजी. मसाल्याला काळेपण येते ते कांदा, सुके खोबरे आणि खडा मसाला खोलवर भाजल्याने. पाककृती लिहिताना इथे शब्द तोलून वापरावा लागतो. 'खोबरे काळे होईपर्यंत भाजा' लिहिले की नवखी व्यक्ती ते जाळते, मसाला कडवट होतो आणि पुढे तेल कितीही घातले तरी तो कडवटपणा जात नाही. 'गडद तपकिरी, काळपट होईपर्यंत, मंद आचेवर, सतत हलवत' असे लिहा. काळा हा हेतू आहे, करपलेला हा बिघाड आहे. दोन्ही शब्द आपल्याकडे असताना एकाच्या जागी दुसरा का वापरायचा?

भरिताच्या वांग्यांनाही 'काळी वांगी' लिहू नये. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते वांगे हिरवट-पांढरे असते. काळी होते ती काट्याकुट्यांवर भाजल्यानंतरची साल. 'वांगे काळे होईपर्यंत भाजा'पेक्षा 'साल काळीठिक्कर होऊन सुटेपर्यंत भाजा' हे अचूक. केळ्याबद्दल लिहितानाही साल की गर ते सांगावे. तेरा अंशांच्या खाली ठेवलेल्या केळ्याची साल थंडीने काळी पडते, पण गर चांगला असू शकतो. 'केळी काळी पडली' एवढ्याने 'केळी सडली' असा अर्थ होत नाही.

कळण्याच्या भाकरीचे पीठ साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीचे काळे उडीद या मापाने दळतात. भाकरी काळसर दिसते, म्हणून कुणी 'काळण्याची भाकरी' लिहितात. शब्द 'कळणा' आहे, सामान्यरूप 'कळण्याची'.

यादी लिहिताना सर्वांत घातक शब्द म्हणजे 'काळे जिरे'. कुणी शहाजिऱ्याला काळे जिरे म्हणतात, कुणी औषधी कडू जिऱ्याला, आणि चटणीचे कारळे किंवा कलौंजीही दुकानदार याच नावाने देऊन मोकळा होतो. मसाल्यासाठी 'शहाजिरे', चटणीसाठी 'कारळे' असेच लिहावे. काळ्या मिठाचे उलट : नाव खड्याच्या रंगावरून आले आहे, कुटल्यावर ते गुलाबी-राखाडी होते. पूड काळी नाही म्हणून ते भेसळीचे ठरत नाही. 'काळा चहा' म्हटलेले कळते, पण बिनदुधाच्या चहाला आपला शब्द आहे 'कोरा चहा'.

किती काळा, कसा काळा

'खूप काळा' हा मराठीत सर्वांत आळशी प्रयोग. भाषेने छटा वेगळ्या करून ठेवल्या आहेत. काळाभोर म्हणजे डोळ्यांना सुखावणारा : केस, भुंगा, नांगरलेली जमीन. काळाकुट्ट अंधाराला आणि दाटलेल्या ढगांना, त्यात थोडी भीती असते. काळाकभिन्न कातळाला आणि धिप्पाड देहाला. काळेशार खोल पाण्याला. काळाठिक्कर उन्हाने किंवा आगीने झालेल्याला. काळसर म्हणजे थोडा काळा, निव्वळ वर्णन. काळपट म्हणजे रंग उतरलेला, मळकट, थोडी तक्रार असलेला. म्हणून साडी विकताना 'काळसर निळी' लिहा, 'काळपट निळी' लिहिले तर गिऱ्हाईक फिरकणार नाही.

रूप चालवताना जोडीतला पहिला भागच बदलतो : काळ्याभोर केसांत, काळ्याकुट्ट अंधारात. मात्र दोन्ही भाग बदलणारी विशेषणे असतील तर दोन्ही बदलतात : काळासावळा, काळ्यासावळ्या, ओठ काळेनिळे पडले.

'काळे पडणे' आपोआप आणि नकोसे, 'काळे करणे' मुद्दाम. माणूस उन्हाने 'रापतो', चेहरा दुःखाने 'काळवंडतो'.

'काळे' हे नपुंसकलिंगी नाम होऊन काही प्रयोगांत गोठले आहे. फलकाला काळे फासले, पांढऱ्यावर काळे केले. तिथे कर्ता बाई असो की पुरुष, फलक असो की पाटी, 'काळे' हलत नाही. 'पाटीला काळी फासली' चूक. 'तोंड काळे करणे'त तोंड नपुंसकलिंगी आहे, म्हणून 'तिने तोंड काळे केले'. या प्रयोगाचे दोन अर्थ आहेत : लाजिरवाणे कृत्य करणे, आणि 'इथून तोंड काळे कर' म्हणजे परत दिसू नकोस. संदर्भाशिवाय वापरला तर पहिला, जड अर्थच आधी मनात येतो.

काळ्या यादीत टाकले, काळ्या पाण्याची शिक्षा, काळ्या दगडावरची रेघ हे प्रयोग सामान्यरूपासकट पाठ असावेत. आंदोलनाच्या बातमीत 'काळी फिती लावून' हमखास चुकते. एक काळी फीत, अनेक काळ्या फिती. खताच्या किंवा बियाण्याच्या बाबतीत 'काळ्या बाजारात विकले' आणि 'काळाबाजार केला' अशी दोन्ही लेखने चालतात, फक्त सुटे असताना 'काळ्या' होते, जोडल्यावर 'काळा' तसाच राहतो. विशेषनामेही गोठलेलीच असतात. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झालेला तो 'काळाराम मंदिर सत्याग्रह', 'काळ्या राम मंदिराचा' नव्हे. आणि संशय व्यक्त करायला 'डाळीत काहीतरी काळे' ही उसनवारी कशाला? मराठीत पाणी मुरते.

काळा म्हणजे वाईटच असे धरून चालू नका. काळी पोत आणि काळे मणी सौभाग्याचे, संक्रांतीची काळी चंद्रकळा कौतुकाची, बाळाच्या गालावरची काळी तीट मायेची.

काळ, काला आणि कळफलक

काळाने म्हणजे समयाने किंवा मृत्यूने, काळ्याने म्हणजे काळ्या कुणीतरी. एका 'य'चा फरक आहे. 'काळरात्र' ही काळी रात्र नव्हे, ती काळाची, घाताची रात्र. वीज गेली म्हणून काळरात्र लिहू नये. 'काला' हा तिसराच शब्द : दहीकाला, गोपाळकाला, काल्याचे कीर्तन. सप्ताहाच्या पत्रकावर 'काळ्याचे कीर्तन' छापले जाते ते 'ल' आणि 'ळ' यांच्या गल्लतीने.

ही गल्लत टंकनातून जास्त होते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर एन या कळीवर 'ल' आहे, शिफ्टसह तीच कळ दाबली की 'ळ'. उच्चारानुसारी कळफलकावर बहुतेक ठिकाणी मोठा एल दाबावा लागतो, आणि मोबाइलवर घाईत छोटाच दाबला जातो. मजकूर संपला की 'काल' हा तुकडा शोधून प्रत्येक ठिकाण तपासावे. दोन मिनिटांचे काम आहे.

हजेरीपट किंवा सभासद यादी अकारविल्हे लावताना आणखी एक पेच येतो. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, म्हणून काळे हे नाव कावळे, काशीकर, कासार यांच्या मागे लागते. संगणकाच्या युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'ला लागून, 'व'च्या आधी आहे, म्हणून यंत्राने त्या क्रमाने लावलेल्या यादीत काळे कावळ्यांच्या पुढे जातात. कोणताही क्रम ठेवा, पण पूर्ण यादीला एकच ठेवा. जुनी वही हाताने आणि नवी पाने यंत्राने लावली, तर काळे दोन ठिकाणी शोधावे लागतात आणि सापडले नाहीत की त्यांचे नाव दुसऱ्यांदा घातले जाते.